निंबावरची कोंबडी

वऱ्हाडातल्या खेड्यात मे महिन्याच्या संध्याकाळी, दिवस बुडता बुडता, घरोघरी एक मोजणी चालते. घरची बाई मुठीत ज्वारीच्या कण्या घेऊन सांदवाडीत उभी राहते, कोंबड्यांना साद घालते आणि खुराड्याच्या तोंडाशी एकेक डोकं मोजते. अकरा हव्यात, आठ भरतात. उरलेल्या तिघींचा पत्ता तिला ठाऊक असतो, फक्त मान वर करायची. कोठ्याच्या टिनावरून निंबाच्या खालच्या फांदीवर, तिथून वरच्या फांदीवर, अंग आक्रसून, डोळे अर्धे मिटून त्या बसलेल्या असतात. खालून बांबू हलवला, ढेकूळ फेकलं, तर फार तर फांदी बदलतात.

दुसरा प्रसंग सकाळचा. शेजारणीनं वाफ्यात सांबार पेरलेला असतो. (वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीशी संबंध नाही.) तो बोटभर वर येतो न येतो तोच पलीकडची कोंबडी तुराट्यांचा कूड ओलांडून येते आणि दोन्ही पायांनी वाफा उकरून ठेवते. मग कुडाच्या दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू होतं. "तुमच्या कोंबड्यायनं सारा सांबार उकरला व माय!" "मंग मी काय तिच्या मांगं मांगं फिरू?" आणि शेवटी तिसऱ्याच घरून न मागितलेला सल्ला येतो: "पंख कापून टाका ना तिचे."

सल्ला जुना आहे आणि फुकटचा आहे. अमलात आणणारे थोडे, आणि नीट अमलात आणणारे त्याहून थोडे. त्याचं एक कारण खुद्द शब्दात आहे. मराठीत 'पंख' म्हणजे हाडामासाचा अवयवही आणि त्यावरचं एकेक पीसही. कोंबडीचा पंख वहीत ठेवणारी मुलगी पीस ठेवत असते, आणि पंख मोडलेली कोंबडी म्हणजे हाड मोडलेली. त्यामुळे 'पंख कापा' म्हटलं की एकाला नखं काढल्यासारखं साधं काम वाटतं, तर दुसऱ्याच्या अंगावर शहारा येतो. त्यात 'पंख छाटणे' हा वाक्प्रचार आपण इतक्या वेळा मुलींच्या शिक्षणाविषयी, बायकांच्या नोकरीविषयी वापरला आहे, की कोंबडीचं नाव घेतलं तरी मनात तीच चित्रं येतात. कोंबडीच्या बाबतीत मुद्दा पंख छाटण्याचा नाहीच, पिसं कातरण्याचा आहे.

फरक समजायला कोंबडी हातात घ्यावी लागते. अंधार पडल्यावर घ्यावी, तेव्हा ती ओरडत नाही. काखेत धरून पाय मुठीत घ्यायचे आणि एक पंख अलगद बाहेर ओढायचा. हातपंख्यासारखा तो उघडतो. टोकाकडे दहा लांब, ताठ, अरुंद पिसं दिसतात. ती उडण्याची. अंगाकडची पिसं रुंद आणि थोडी आखूड असतात, आणि पंख मिटला की बाहेरून हीच दिसतात. ती दहा लांब पिसं त्यांच्याखाली सरकून दडतात. म्हणून फक्त ती दहा कातरली, तर पंख मिटून चालणाऱ्या कोंबडीकडे पाहून कळतही नाही की हिला कात्री लागली आहे. पंखाच्या वरच्या अंगाला आखूड पिसांची एक झालर असते. कात्री तिच्या खालून चालवायची, झालरीत घुसवायची नाही.

कातरायचं ते एकाच बाजूला. दोन्ही बाजूंचं कातरलं तर हलकी कोंबडी तोल सांभाळून थोडीफार उडतेच. एकाच बाजूचं कातरलं, तर फडफडताना एका अंगाला हवा उचलते, दुसऱ्या अंगाला उचलत नाही, आणि ती कलंडते. दोन-चार वेळा असं झालं की नाद सोडते.

दुखतं का? पूर्ण वाढलेलं पीस नखासारखंच, केराटिनचं. त्याच्या नळीत रक्त नसतं, नस नसते. ते कातरलं तर कोंबडीला धरल्याचा राग येतो, कातरल्याची वेदना होत नाही. पण वाढतं पीस वेगळं. त्याची नळी मऊ, जाड आणि निळसर-काळी दिसते, कारण आत रक्त खेळत असतं. त्याला कात्री लागली तर रक्ताची धार लागते, आणि दीड किलोच्या जिवात सांडायला रक्त असतं तरी किती? नळी पांढरी, कोरडी, पोकळ दिसली तरच कात्री. पिल्लांना आणि तलंगांना तर हातच लावू नये. पहिल्या काही महिन्यांत त्यांची पिसं पुन्हा पुन्हा बदलतात, कापलेलं महिनाभरात फुकट जातं.

खेड्यात पुष्कळदा घडतं ते मात्र वेगळंच. कात्री नसते, विळ्याने काम होतं. नाहीतर पिसं सरळ उपटली जातात. उपटलेल्या पिसाची जागा दुखते, रक्ताळते, आणि गंमत म्हणजे तिथे नवं पीस लगेच उगवायला लागतं. कातरलेल्या पिसाचा खुंट पुढच्या पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत जागा अडवून बसतो, उपटलेल्याची जागा रिकामी होते. म्हणजे उपटणारा कोंबडीला जास्त त्रास देतो आणि स्वतःचं काम कमी टिकवतो.

सगळ्याच कोंबड्या उडत नाहीत, हेही आधी सांगायला हवं होतं. अमरावतीच्या आजूबाजूला ब्रॉयलरची मोठाली शेड आहेत. तिथला पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो आणि स्वतःचं वजन उचलून धड पळूही शकत नाही. त्याच्यासाठी हा लेख नाही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा या परसातल्या कोंबड्या खऱ्या, पण अंगानं भारी. कमरेएवढं कुंपण त्यांना पुरतं. हैदराबादचीच ग्रामप्रिया अंड्यांसाठी काढलेली, तुलनेनं हलकी, ती जरा वर जाते. खरा प्रश्न गावठी कोंबडीचा आणि अलीकडे आलेल्या कडकनाथचा.

कडकनाथची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या मांसाच्या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्या नावावर सोन्याचे भाव बोलले जाऊ लागले. २०१९ मध्ये सांगली-इस्लामपूर भागात कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांच्या फसवणुकीचं मोठं प्रकरण उघडकीला आलं, ते वेगळं. पण ज्यांनी चार पक्षी हौसेनं आणले, त्यांनाही एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: हा पक्षी भिल्लांच्या टेकड्यांतला, सडसडीत, रानाची सवय असलेला. संध्याकाळी तो खुराड्यात नाही, झाडावर जातो. पैसे गुंतवलेला माल निंबावर बसलेला पाहून कात्री शोधणाऱ्यांत नवे कडकनाथवालेच पुढे असतात.

झाडावर जाण्याची ही ओढ त्या घराण्यात फार जुनी आहे. जगभरच्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो दिवसा जमिनीवर चरतो आणि रात्री झाडावर झोपतो. पण पूर्वज तो एकटाच नव्हे. २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीची गुणसूत्रातली खूण तांबड्याकडून नव्हे, भारतातल्या राखाडी रानकोंबड्याकडून आली आहे. म्हणजे अंगणातल्या कोंबडीचे पिवळे पाय हा आपल्याच भारतीय रानाचा वारसा. तरीही तिनं झाडावर चढू नये अशी आपली अपेक्षा असते.

उड्डाण म्हणावं असं तिचं उड्डाण नसतंच. छातीचा स्नायू पांढरा, झटकन जोर लावणारा आणि झटकन थकणारा. कबुतर मैलोगणती जातं, कोंबडी कुंपणापर्यंत जाते. शिवाय ती सरळ उडत नाही, टप्पे घेते: आधी लाकडाचा ढीग, मग बंडीचं जू, मग टिन, मग फांदी. अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठाच्या केनेथ डायल यांनी २००३ मध्ये चुकर तितराच्या पिल्लांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ही पिल्लं उडता येण्याच्या आधीपासून पंख फडफडवत जवळजवळ उभा चढ पळत चढतात. फडफडीमुळे पाय चढाला घट्ट चिकटून राहतात. ज्यांची पिसं कातरली, ती तेवढा चढ चढू शकली नाहीत. पंख हे पाखराला वर चढायलाही लागतात, तोल सावरायला लागतात आणि खाली उतरताना ब्रेक म्हणून लागतात. हे लक्षात आलं की दोन गोष्टी कळतात. एक, कात्री लावूनही ढिगावरून ढिगावर उड्या मारणारी कोंबडी कुंपण पार करू शकते. कापण्याआधी कुंपणालगतची बंडी हलवावी, सरपण दुसरीकडे रचावं. दुसरी, कातरलेली कोंबडी उंच दांडीवरून उतरताना आपटते. तिच्यासाठी खुराड्यातली दांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर आणावी लागते.

आता मूळ प्रश्न: ती वर जाते कशाला?

अकोल्याच्या उन्हाळ्याचं वेगळं वर्णन करायला नको. मे २०२४ च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे तिथल्या जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लावलं होतं. जमावबंदीचं कलम, उन्हासाठी. पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. कोंबडीच्या अंगाचं स्वाभाविक तापमान साधारण ४१ ते ४२ अंश असतं. म्हणजे अकोल्यातल्या मेच्या दुपारी बाहेरची हवा कोंबडीच्या रक्तापेक्षा गरम असते. तिला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरून काखेतली विरळ पिसांची कातडी वाऱ्याला लावणं, हेच दोन मुख्य उपाय तिच्याकडे असतात. आता तिचं खुराडं पाहा. विटांची चार हात जागा, वर टिनाचा पत्रा, चोराच्या आणि मांजराच्या भीतीनं भिंतीत एक भोकही नाही, पुढे फळी आणि फळीला दगड. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. आत बारा कोंबड्या, त्यांच्या विष्ठेचा उग्र वास आणि भिंतीच्या फटींतून रात्री बाहेर पडणाऱ्या बारीक तांबड्या किडी, ज्या झोपलेल्या पक्ष्याचं रक्त पितात. समोर कडूनिंब, वर मोकळी हवा. माणसं त्या दिवसांत खाट अंगणात टाकतात, कोंबडीनं फांदी धरली तर बिघडलं कुठे?

निंबावरची कोंबडी खुराड्याबद्दलची तक्रार घेऊन वर गेलेली असते. हे मान्य केलं तर कात्रीआधीची कामं समोर दिसतात. पत्र्यावर पऱ्हाट्या, तुराट्या किंवा गवताचा थर टाकून दुपारी पाणी शिंपडावं. भिंतीच्या वरच्या अंगाला वीत-दीड वीत पट्टा मोकळा सोडून बारीक जाळी मारावी. आत मनगटाएवढी गोल दांडी आडवी बसवावी, कारण कोंबडीला जमिनीवर झोपायला आवडत नाही आणि आत दांडी नसेल तर ती बाहेर शोधते. फटी चुन्यानं बंद कराव्यात. आणि कण्यांची शेवटची मूठ बाहेर नाही, खुराड्याच्या आत टाकावी. नवी आणलेली कोंबडी आठ दिवस डालग्याखाली किंवा खुराड्यातच कोंडून ठेवली, तर त्या जागेला ती घर मानते. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बायांना हे सगळं ठाऊक असतं. पायाला सुतळी बांधून चार दिवस खुंट्याशी ठेवायची रीत त्याचसाठी आहे, मात्र सुतळी पायात रुतू नये म्हणून चिंधी गुंडाळायला अनेक जण विसरतात.

कुंपणाचंही एक शास्त्र आहे, आणि त्यात आपली गावठी पद्धत शहरी पद्धतीपेक्षा शहाणी निघते. कोंबडी कुंपणावरून सहसा एका झेपेत उडून जात नाही, ती कुंपणावर जाऊन बसते आणि मग पलीकडे उतरते. म्हणून तिला बसायला माथा लागतो. अमरावतीतल्या नव्या वस्त्यांतल्या सिमेंटच्या सपाट कंपाउंड भिंती म्हणजे तिच्यासाठी ओटाच. उलट तुराट्यांचा कूड वरून टोकदार, वेडावाकडा, लवलवता असतो. त्यावर पाय टिकत नाही. सपाट भिंतीवर आतल्या बाजूला झुकणारी सैल शेडनेट लावली तरी तेच काम होतं. मग सुरुवातीच्या प्रसंगातली कोंबडी सांबारापर्यंत पोहोचली कशी? बहुतेक वेळा खालच्या भोकातून.

इतकं करूनही न ऐकणारी एखादी असतेच. तिच्याबाबत कातरण्याचा विचार करताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात मुंगूस, मांजर आणि कुत्रं टाकावं लागतं. मोकाट कुत्रं अंगावर आलं की कोंबडी आधी पळते आणि शेवटच्या दोन हातांत उडते. तेवढी झेप तिचा जीव वाचवते. कातरलेली कोंबडी त्या क्षणी एका अंगावर कोसळते. बंद भिंतीच्या आत, जिथे कुत्रं येतच नाही, तिथे हा धोका लहान. मोकळ्या वावराच्या कडेला, जिथे दिवसभर ती धुऱ्याधुऱ्यानं चरते, तिथे मोठा.

आणि मेळघाटात तर सगळंच उलटं. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू वाड्यांत कोंबडी जवळजवळ प्रत्येक घरी असते. कोरकू ही मुंडा कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. तिच्यात कोंबडीला 'सिम' म्हणतात, आणि हाच शब्द शेकडो मैल दूर संथाली-मुंडारीत सापडतो. माणसं पांगली, कोंबडीचं नाव सोबत राहिलं. इथे घराभोवती सागाचं रान, १९७३-७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प, रानमांजर, कोल्हा, बिबट. कुपोषणासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत असलेला हा भाग. आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाड्यांतल्या मुलांना अंडं मिळावं म्हणून सरकारला अमृत आहार योजना चालवावी लागते. अशा घरात दारची कोंबडी एक दिवस जास्त जगली तर त्याला किंमत आहे. तिथे जाऊन कुणी पिसं कातरायला सांगितली, तर तो सल्ला रानमांजराच्या सोयीचा म्हणावा लागेल. रानातली कोंबडी झाडावर झोपते म्हणूनच सकाळी शिल्लक राहते.

आणखी एक बारीक गोष्ट खुडूक कोंबडीची. एकवीस दिवस अंड्यांवर बसून उठलेली गावठी कोंबडी दहा-बारा पिल्लं घेऊन फिरते. घारीची सावली पडली किंवा पावसाचा थेंब आला की ती खाली बसते, दोन्ही पंख सैल करून जमिनीला टेकवते, आणि क्षणात अंगणात एकही पिल्लू दिसत नाही. पंखाखाली घेणं म्हणतात ते हेच. एका अंगाची लांब पिसं नसली तर त्या बाजूचं छप्पर तोकडं पडतं. पिल्लांची कोंबडी कातरू नये, याला एवढं कारण पुरे.

कातरण्याचा अंगावर काय परिणाम होतो, यावर कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्यांच्या पंखांची पिसं गेली की छातीचा स्नायू पातळ होतो, असं त्यांना आढळलं. छातीचं हाड मोडण्याचा धोका मात्र वाढलेला दिसला नाही. कातरा म्हणणाऱ्यांना आणि नको म्हणणाऱ्यांना, दोघांनाही थोडं थोडं देणारा निष्कर्ष. कात्रीनं जीव जात नाही, पण वापर थांबलेला अवयव वाळतो.

इथे वाचक विचारील, की जिथे शेवटी कोंबडी रश्श्यातच जायची, तिथे पिसांची एवढी चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे, पण या प्रदेशाला नवा नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले, आणि तेही अशा माणसांसमोर, ज्यांच्या घरी आखाडात कोंबडं ठरलेलं. मुक्या जिवाला विनाकारण त्रास देऊ नये ही गोष्ट वऱ्हाडाला शहरातून शिकायची गरज नव्हती.

कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं अकरावं कलम प्राण्याला विकलांग करणं गुन्हा ठरवतं. पिसांचा त्यात उल्लेख नाही. त्याच कलमात प्राण्याची अशी वाहतूक करणं हाही गुन्हा आहे, ज्यात त्याला नाहक वेदना होतील. आता कुठल्याही आठवडी बाजाराच्या सकाळी परतवाड्याच्या किंवा अकोटच्या रस्त्यावर उभं राहावं. मोटारसायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या जाताना दिसतात. माना वर उचलण्याची धडपड करतात, मग दमून लोंबतात. बाजारात विकायला बसलेला माणूस दोन पंख पाठीवर एकमेकांत अडकवून ठेवतो, म्हणजे बांधायला दोरी लागत नाही. मोठ्या अंड्यांच्या फार्मांवर पिल्लांच्या चोचीचं टोक तापलेल्या पात्यानं कापतात, आणि चोचीत पिसासारखी मृत नळी नसते, तिथे नसा असतात. भारताच्या विधी आयोगानं २०१७ मध्ये अंडी देणाऱ्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या हालांवर अख्खा २६९ वा अहवाल दिला. या सगळ्यापुढे नीट कातरलेली दहा पिसं फार किरकोळ ठरतात. ती कातरू नये असं म्हणणाऱ्यांनी आधी हँडलवरच्या कोंबडीला टोपली मिळवून द्यावी.

परसातल्या कोंबड्या उडून जाण्यानं कमी होतात असंही नाही. उडालेली बहुधा परत येते. जाते ती राणीखेत रोगानं, ज्याला गावात मानमोडी म्हणतात. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि आठवड्यात अंगण रिकामं होतं. कातरण्यासाठी कोंबडी हातात घेतलीच आहे, तर त्याच हाताचं दुसरं काम आधी झालं आहे का ते पाहावं: राणीखेतची लस आणि देवीची लस. देवीची लस तर पंखातच देतात. पंख उघडला की पुढच्या कडेला कातडीचा पातळ पापुद्रा ताणला जातो. लसीत बुडवलेली दुहेरी सुई त्याच्या आरपार टोचतात आणि आठ-दहा दिवसांनी तिथे खपली दिसली की लस लागली. अकोल्यात पशुवैद्यक आणि पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे, गावोगावी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तरी पाच कोंबड्यांसाठी लस मागायला बायांना संकोच वाटतो, आणि एक कुपी शंभर पक्ष्यांची असते. चार आळ्यांनी मिळून एक दिवस ठरवला तर दोन्ही अडचणी सुटतात.

एक वेळ मात्र अशी येते, की कोंबडीनं भिंतीच्या आत राहणं हा शेजाऱ्याच्या सांबारापुरता प्रश्न राहत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला दोन दिवसांत सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि राज्यभर धास्ती पसरली. अशा वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करतात, परसातलेही, निरोगी दिसणारेही. दहा किलोमीटरपर्यंत पाळत असते. तेव्हा पक्षी बंदिस्त ठेवणं हे कर्तव्य होतं, आणि एरवी कात्रीला नाही म्हणणाऱ्यानंही तेव्हा ती हातात घेतली तर तक्रार करता येत नाही.

शहराचं गणित वेगळं. अमरावतीत किंवा अकोल्यात प्लॉटवर घर, भोवती भिंत, पलीकडे रस्ता आणि त्या रस्त्यावर ट्रक. पाच गावठी किंवा दोन कडकनाथ. शेजारी तक्रार करणारा, आणि त्याचं चुकत नाही. इथे भिंतीबाहेर गेलेली कोंबडी चाकाखाली जाते किंवा कुत्र्याच्या तोंडी. जाळी लावून झाली, खुराडं सुधारून झालं, तरी एखादी भिंत सोडत नसेल, तर तिच्या एका पंखाची दहा पिसं कातरावीत. संकोच करू नये. खेड्यात, वावराच्या कडेला, आणि मेळघाटात तर अजिबात कातरू नयेत. तिथे कोंबडी शेजारच्या वाफ्यात गेली तर वाफ्यावर बोराटीच्या चार फांद्या ठेवाव्यात, आणि दोन अंडी शेजारणीला द्यावीत.

पिसं झडण्याच्या हंगामात अंगणात पिसांचा सडा पडतो. दिवस लहान होऊ लागले की मोठ्या कोंबड्या जुनी पिसं गाळतात, अंडी थांबवतात, काही दिवस अगदी ओंगळ दिसतात. या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं. म्हणून ज्यांनी कातरायचं ठरवलंच आहे, त्यांनी थंडी पडून नळ्या पांढऱ्या होईपर्यंत थांबावं, आणि तोवर खुराड्याच्या पत्र्यावर तुराट्या घालून घ्याव्यात.